राहीच्या डोक्यातला गुंता

रावजी चाळके चटकन कुणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता, आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे. पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, बत्तीस वर्षं काट्यांसमोर बसून काढल्यावर माणूस असा होतोच, असं त्याचं म्हणणं. काटा दाब बरोबर दाखवतोय म्हणजे दाब बरोबर आहे असं नव्हे. काटा अडकलेलाही असू शकतो. म्हणून रावजी आधी काचेवर टिचकी मारायचा, मग खालच्या मजल्यावरच्या माणसाला फोन करून त्याच्याकडचा आकडा विचारायचा आणि मगच वहीत लिहायचा. निवृत्त होऊन सावर्ड्याला स्वतःच्या घरात राहायला आला तरी ही खोड गेली नाही. दुधाचं माप, एसटीची वेळ, पंचांगातली तिथी, सगळं तो दोनदा ताडून बघे. बायको चिमा म्हणायची, "तुमच्या दहाव्याला पण तुम्ही उठून बघाल, पिंड सरळ ठेवलाय का वाकडा."

त्यांची मुलगी राही चोवीस वर्षांची. गावातल्याच हायस्कुलात चित्रकला शिकवायची. २००१ च्या डिसेंबरात, सहावीच्या वर्गात फळ्यावर बैलाचं शिंग काढता काढता तिच्या हातातला खडू उडाला. मुलांना वाटलं, बाईंनी मुद्दाम कुणाला तरी फेकून मारला. मग तिचा उजवा हात आपल्या आपण झटके द्यायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बाई टेबलाच्या कडेला आपटून खाली पडल्या.

शुद्धीवर आली तेव्हा ती सावर्ड्याच्या दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरांनी चिपळूणला डोक्याचा स्कॅन काढायला सांगितलं. स्कॅनची फिल्म हातात आल्यावर रावजीने ती उजेडाला धरली आणि आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. 'आर. चाळके, पुरुष, वय ५२.'

"हे कुणाचं डोकं?" त्याने काउंटरवरच्या माणसाला विचारलं.

माणूस चपापला. आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. अर्ध्या तासाने नवी फिल्म आली. चित्र तेच होतं, नाव बदललं, पण आधीच्या पेशंटचं 'पुरुष' आणि वय तसंच राहून गेलं होतं, असं त्यांनी दहा वेळा सांगितलं. रावजीने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरून रेष न रेष ताडून पाहिली. चित्र खरंच तेच होतं. डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका. तिथे रक्त आलं होतं.

पण त्या दिवसापासून रावजीच्या मनाने घेतलं ते घेतलं. जिथे बाईचा पुरुष होऊ शकतो, तिथे काहीही चुकू शकतं.

जानेवारीत मुलगा रितेश, जो डोंबिवलीला राहायचा, त्याने मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात नंबर लावला. तिथे राहीला चार दिवस ठेवून घेतलं. मांडीतून नळी घालून डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले, मोठ्या नळकांड्यात झोपवून आणखी काढले. पाचव्या दिवशी डॉ. आंबर्डेकरांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. चाळिशीच्या आसपासचा, कमी बोलणारा, निमुळत्या बोटांचा माणूस. त्यांनी टेबलावरचा पडदा रावजीकडे वळवला.

"हे राहीचं डोकं."

पडद्यावर करड्या रंगाचं एक डोकं सावकाश फिरत होतं. डाव्या बाजूला लाल-निळ्या सुताचा गुंडाळा अडकावा तसा एक गुंता दिसत होता, मोठ्या लिंबाएवढाही नसेल.

डॉक्टरांनी समजावलं. शुद्ध रक्त आणणारी वाहिनी जाड असते, तिच्यात दाब जास्त. रक्त परत नेणारी पातळ. दोघींच्या मध्ये केसांहून बारीक वाहिन्यांची जाळी असते, त्या जाळीत दाब मरतो. राहीच्या डोक्यात या एका जागी जन्मापासून जाळीच नाही. जोराचं रक्त थेट पातळ वाहिनीत शिरतं.

"म्हणजे धरणातून पेनस्टॉकच्या नळाने जोरात येणारं पाणी टर्बाइन चुकवून सरळ बाहेरच्या बोगद्यात," रावजी म्हणाला.

डॉक्टरांना क्षणभर कळलं नाही. रितेशने बाबांची नोकरी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "अगदी तसंच. मग बोगद्याचं काय होईल?"

"फुटेल."

"एकदा थोडा फुटलाय. म्हणून तो ठिपका. अशा शंभर माणसांतल्या सहा-सात जणांना पहिल्या वर्षातच पुन्हा रक्तस्राव होतो. आणि दुसरा असाच हरभऱ्याएवढा असेल असं सांगता येत नाही."

रावजीने मनात वजाबाकी केली. शंभरातल्या त्र्याण्णवांना होत नाही. हे डॉक्टरने सांगितलं नाही.

मग त्यांनी ऑपरेशनाचं सांगितलं. आदल्या दिवशी डोक्याला दहा छोट्या चकत्या चिकटवायच्या आणि त्यांच्यासकट स्कॅन काढायचा. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक सळी त्या चकत्यांना एकेक करून टेकवली, की संगणकाला कळतं, चित्रातली ही जागा म्हणजे डोक्यातली ही जागा. त्यानंतर सळी जिथे टेकेल तिथे पडद्यावर फुली उमटते. उगाच मोठी कवटी उघडावी लागत नाही, हाताला चालवणारा मेंदूचा भाग शेजारीच आहे, तो टाळून आत जाता येतं.

"किरणांनी पण करतात म्हणे," राही म्हणाली. तिने कुठेतरी वाचलं होतं.

"करतात. पण गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर धोका तसाच. तुमचा गुंता लहान आहे, वरच्या अंगाला आहे. मी ऑपरेशन सुचवीन." मग रावजीकडे बघून म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तुमच्याच जिल्ह्यातल्या आंजर्ल्याच्या एका बाईंचं केलं मी. ठणठणीत आहेत."

बाहेर आल्यावर त्याने स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञाला गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे सळीवालं मशीन कधीचं?"

"नवंकोरं आहे काका. चौदा महिने झाले."

चौदा महिने! आणि आंजर्ल्याच्या बाईचं दोन वर्षांपूर्वी केलं. म्हणजे तिचं या मशीनवर झालंच नाही. मग तिचा दाखला आपल्याला कशाला दिला? आणि नवंकोरं मशीन आणून ठेवलंय म्हणजे त्याच्याखाली घालायला डोकी लागणारच. रावजी परतीच्या गाडीत खिडकीशी बसून हेच उलटंसुलटं करत राहिला. त्याहून एक गोष्ट त्याला जास्त सलत होती. चित्र काढणार आदल्या दिवशी, कापणार दुसऱ्या दिवशी. कालचं चित्र बघून आजच्या डोक्यात हात घालणार. मधल्या वेळात डोक्यात काही हललं तर? काटा कालचा आकडा दाखवतोय हे त्या सळीला कोण सांगणार?

घरी आल्यावर त्याने हे चिमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"तुम्हाला मशीनचा संशय नाही हो. तुम्ही भ्यायलाय."

"भ्यायचं काय त्यात? विचारायला नको?"

"मग विचारायचं होतंत तिथल्या तिथे. डॉक्टरच्या समोर बसला होतात ना?"

रावजी उठून परड्यात गेला. विचारलं असतं तर डॉक्टरने गोड बोलून गप्प केलं असतं. गोड उत्तराचा काय उपयोग?

जानेवारीच्या शेवटी इस्पितळातून फोन आला. दुपारची वेळ, राही शाळेत, चिमा शेजारी गेलेली. फोनवरची बाई म्हणाली, सहा फेब्रुवारीला ऑपरेशन, चार तारखेला दाखल व्हा. रावजीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तिला ताप आहे. बराच आहे. नाही जमणार."

"बरं. ताप उतरला की कळवा. डॉक्टरना सांगते."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा आपण न बघितलेला आकडा लिहिला. पण त्याने स्वतःची समजूत घातली. थोडेच दिवस. तोवर आपण त्या आंजर्लेवाल्या बाईला डोळ्यांनी बघून येऊ, मग ठरवू.

संध्याकाळी राहीने विचारलं, "बाबा, फोन आला का तारखेचा?"

"नाही अजून. मोठी इस्पितळं ती, रांग असणार."

राहीने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि उजवा हात ओढणीखाली घेतला. रावजीला ते दिसलं. पण स्वतःच खोटं बोललेला माणूस दुसऱ्याच्या हाताकडे किती वेळ बघणार?

दोन फेब्रुवारीला, पोफळीच्या कॉलनीत जुन्या सोबत्याकडे जातो असं सांगून तो पहाटेच्या गाडीने निघाला. खेड, दापोली करत दहा-अकराला खाडीपाशी पोचला आणि होडीने पलीकडे गेला. होडीतून उतरताना एक लाट पोटरीपर्यंत आली. आंजर्ल्यात त्याला फार शोधावं लागलं नाही. मुंबईला डोक्याचं ऑपरेशन झालेली बाई म्हटल्यावर मासळी घेऊन निघालेल्या पहिल्याच माणसाने वाट दाखवली. "तस्नीमबाय. माडांच्या मागचं हिरव्या खिडक्यांचं घर."

दार एका म्हाताऱ्या बाईने उघडलं. ती तस्नीमची सासू, खतिजाबी. रावजीने आपल्या मुलीचं सांगितलं तशी ती काही न विचारता बाजूला झाली आणि आत हाक मारली. तस्नीम पस्तिशीची असेल. डोक्यावरून ओढणी, चेहरा टवटवीत. तिचा नवरा अझीम जहाजावर होता, आठ-आठ महिने घरी नसे. तिने रावजीला बसवलं, पाणी दिलं, राहीचं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं. चालणं नीट, बोलणं नीट. फक्त अधूनमधून एखादं नाव तिच्या ओठांवर येऊन अडे, मग ती हसून सासूकडे बघे आणि सासू ते नाव पुरवी.

पण रावजीचे डोळे बत्तीस वर्षं काटे वाचून तयार झालेले होते. चहाचा कप ठेवताना तस्नीमने टेबलाची उजवी कड हाताने चाचपली. दारातून येताना तिचा उजवा खांदा चौकटीला घासला. रावजीने काही वेळ दम धरला. मग ती सासूशी बोलत असताना तो हळूच उठला आणि तिच्या उजव्या अंगाच्या खुर्चीवर जाऊन बसला.

तस्नीम वळली, रिकाम्या खुर्चीकडे बघून गोंधळली. "कुठे गेले ते?"

"इथे आहे," रावजी म्हणाला. बोलताना त्याला एकदम दोन गोष्टी वाटल्या. सापडलं, असं वाटलं. आणि दुसऱ्याच्या घरात, चहा पिऊन, आजारी बाईची परीक्षा घेतल्याची शरम वाटली.

तस्नीमने मान पूर्ण वळवून त्याला शोधलं. रागावली नाही. "कळलं होय तुम्हाला. मला या बाजूचं दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी."

"डॉक्टर म्हणाले होते, ठणठणीत आहेत."

"आहेच की मी."

"हे असं ऑपरेशनात झालं ना?" रावजी पुढे वाकला. "खरं सांगा बाई. मी कुणाला सांगणार नाही. माझी पोर आहे."

तस्नीमने सासूकडे बघितलं. खतिजाबीने मान खाली घातली आणि तीच बोलायला लागली.

"नाही हो. ते आधीच गेलं. पहिल्या वेळेला हिचं नुसतं डोकं दुखलं, उलटी झाली. मुंबईला नेलं, डॉक्टर म्हणाले, लवकर करा. मी म्हटलं, अझीम येऊ दे. नवरा नसताना सुनेचं डोकं उघडायला मी कशी हो म्हणू? मला तर वाटायचं, हे लोक उगाच घाबरवतात. साडेतीन महिने थांबलो. एका सकाळी ही विहिरीवर होती. घागर घेताना पडली." तिने ओढणी सारखी केली. "शुद्धीवर आली तेव्हा अर्धं जग गेलेलं."

बाहेर कुणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नावं विसरते, ते मात्र ऑपरेशनानंतरचं," तस्नीम म्हणाली. "ते डॉक्टरनी आधी सांगितलेलं. होईल म्हणाले, काही दिवस किंवा कायमचं. तसंच झालं." मग तिने सरळ विचारलं, "तुमच्या मुलीला माहीत आहे, तुम्ही इकडे आलात ते?"

रावजीने नकारार्थी मान हलवली.

"तारीख मिळाली तिला?"

"मिळाली होती," तो म्हणाला. भूतकाळ त्याच्याच कानांना टोचला.

परतीच्या वाटेवर त्याने कुठलाच हिशेब मांडला नाही. गाडीत बसून त्याला एकच दिसत होतं: विहिरीची कड, आणि त्या तस्नीमच्या जागी दुसरंच कुणीतरी.

घरी पोचायला दिवेलागण झाली. राही ओटीवर बसली होती. चिमा दारात.

"कुठे गेला होतात?"

"पोफळीला. सांगितलं होतं ना."

"पोफळीला समुद्र कधी आला?" राहीने त्याच्या विजारीकडे बोट दाखवलं. पोटरीपाशी मिठाची पांढरी रेघ सुकली होती. चपलांच्या पट्ट्यात वाळू होती. "इस्पितळातून फोन आला होता दुपारी. ताप उतरला का विचारत होते. मी विचारलं, कसला ताप?"

रावजी पायरीवर बसला. त्याने सगळं सांगितलं. फोन, खोटं, होडी, तस्नीमची उजवी बाजू, तिची सासू. त्याचं झाल्यावर राही म्हणाली, "माझं डोकं आहे ना ते?"

"बाय, मी फक्त बघून…"

"तुम्ही मला विचारलंत? तुम्ही मशीनवर संशय घेतलात, डॉक्टरवर घेतलात. ठीक आहे. पण खोटं कोण बोललं या सगळ्यात? तुम्ही एकटे." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग ती म्हणाली, "एक मी पण बोलले. तीनदा हात उडालाय माझा, मुंबईहून आल्यापासून. एकदा शाळेत, दोनदा घरात. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला खाटेवरून उठू दिलं नसतंत, आणि तारीख तरीही पुढेच ढकलली असतीत."

चिमा दारातून पुढे आली. "तीनदा? अगो, आणि मला पण नाही?"

"उद्या सकाळी मी फोन करणार," राही म्हणाली. "बाबा, तुम्ही यायचं असेल तर या. पण बोलायचं ते डॉक्टरच्या तोंडावर बोलायचं."

वीस फेब्रुवारी ठरली. आदल्या दिवशी राहीच्या डोक्याचे केस जागोजागी भादरून चकत्या चिकटवल्या होत्या. त्या घेऊन ती स्कॅनहून परत आली तेव्हा डॉ. आंबर्डेकर खोलीत आले. राहीने बापाकडे बघून भुवई उंचावली. विचारा.

रावजी उभा राहिला. "हे चित्र आजचं. कापणार उद्या. उद्या डोकं उघडल्यावर आतलं हललं, तर सळी कालचीच जागा दाखवणार. बरोबर की चूक?"

रितेशने कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खुर्ची ओढून बसले.

"बरोबर. आणि हलतंच. कवटी उघडली, आतलं पाणी थोडं निघून गेलं, की मेंदू बसतो खाली. कधी दोन मिलिमीटर, कधी आठ. यंत्राला ते कळत नाही."

"मग?"

"मग त्याच्यावर विसंबायचं नाही. खिडकी कुठे कापायची, आत कुठून शिरायचं, हे ते मला सांगतं. तिथपर्यंत ते माझ्यापेक्षा हुशार. एकदा गुंता समोर दिसला की मी सूक्ष्मदर्शकातून बघतो आणि पडद्यावरची फुली नुसती तोंडी लावायला. दोघांचं जमलं नाही तर मी डोळ्यांचं ऐकतो."

रावजीने हे मनात तोलून बघितलं. मग दुसरं विचारलं. "आंजर्ल्याच्या बाई. मी जाऊन आलो. ठणठणीत म्हणालात तुम्ही."

राहीने मान वर केली.

"अर्धं सांगितलं मी," डॉक्टर म्हणाले. "ती चालते, बोलते, घर सांभाळते, ते सांगितलं. नजरेचं आणि नावांचं नाही सांगितलं. ते मशीनही तेव्हा नव्हतं. समोर घाबरलेली माणसं बसली की धीर द्यायची घाई होते. चुकलं." मग राहीकडे वळून म्हणाले, "तुमच्या बाबतीत पूर्ण सांगतो. उजवा हात. तो कमजोर होऊ शकतो. बहुतेक सुधारेल, पण लिहून देणार नाही."

"मी चित्रकलेची शिक्षिका आहे," राही म्हणाली.

"मला माहीत आहे. म्हणूनच सांगतोय."

राहीने बराच वेळ आपल्या हाताकडे बघितलं. मग संमतीचा कागद मागितला आणि सही केली. स्वतःची, आधी. नंतर बापाकडे सरकवला.

सकाळी आठला तिला आत नेलं. बाहेरच्या बाकावर रावजी, चिमा, रितेश. रावजीचा संशय सही करून थोडाच सुटणार होता! स्टीलचा झाकलेला डबा घेऊन एक माणूस घाईने गेला, तेव्हा ते कुणाचं, असं त्याला वाटलं. दहाच्या सुमारास एक नर्स बाहेर येऊन न विचारताच म्हणाली, "सगळं छान चाललंय हं." न विचारता का सांगितलं? साडेअकराला रक्ताच्या दोन पिशव्या आत गेल्या. त्यावरचं नाव वाचायला तो उठेपर्यंत दार बंद झालं. चिमाने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. ती देवाचं नाव घेत नव्हती, रडत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती. दुपारी तिने त्याला केळं दिलं, आणि त्याने ते सोलून हातातच धरून ठेवलं, काळं पडेपर्यंत.

तीन वाजता डॉक्टर बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर उमटला होता.

"निघाला पूर्ण. एका जागी रक्त सुरू झालं होतं, आटोक्यात आलं. जिवाला धोका नाही असं आता मी म्हणेन. हाताचं…" त्यांनी कपाळावरचा वळ चोळला. "गुंत्याची एक कड अगदी हाताच्या जागेला चिकटलेली निघाली. सूज येईल. उद्या हात उचलला नाही तर दचकू नका. किती परत येईल ते आज सांगू शकत नाही."

रितेशने चिमाचा हात धरला. रावजी मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिला. सांगू शकत नाही, हे त्या माणसाचं आतापर्यंतचं सगळ्यात खरं वाक्य आहे, असं त्याला वाटलं. आणि ते खरं असल्यामुळेच आधीचं 'निघाला पूर्ण' हेही खरं असणार. त्याने पहिल्यांदा त्या माणसाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी हात उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. राही डाव्या हाताने पेला धरायची, उजवा चादरीवर एखादी वस्तू ठेवावी तसा पडलेला असे. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही, पण कुणी "येईल हं" म्हटलं की तोंड फिरवायची. सहाव्या दिवशी अंगठा हलला. दहाव्या दिवशी पुन्हा मांडीतून फोटो काढले. गुंता नव्हता.

सावर्ड्याला परतल्यावर तीन महिने ती रोज कणकेचा गोळा दाबत ओटीवर बसे. रावजी समोर बसून मोजायचा, तर ती म्हणे, "मोजू नका." मग तो पाठ करून बसायचा. दोघांत बोलणं होतं, पण कामापुरतं. जेवायला चला. गोळी घेतली का. तिने त्याला माफ केलं की नाही हे विचारायची त्याची छाती झाली नाही. शाळा सुरू झाली तेव्हा ती फळ्यावर लिहायला लागली, अक्षर पहिल्यापेक्षा मोठं आणि थरथरतं. बारीक कामाची चित्रं मात्र तिने सोडली. पेन्सिल ठेवून ब्रश घेतला, मोठा, सुतारांच्या पोरांना रंगवायला देतात तसला. मुलांना ते जास्त आवडायला लागलं.

ऑक्टोबरात शेवटच्या तपासणीला मुंबईला बोलावलं. रावजीने पिशवी भरायला घेतली.

"तुम्ही नको," राही म्हणाली. "मी आणि आई जाऊ."

तो पिशवी तिथेच ठेवून बाजूला झाला. चार दिवस घरात एकटा राहिला. फोन वाजला की तो उचलायचा आणि "हो", "नाही", एवढंच बोलायचा. आपल्या पदरचं काही घालायचा नाही. पाचव्या दिवशी सकाळी तो सावर्ड्याच्या थांब्यावर गाडीच्या आधी तासभर जाऊन उभा राहिला. राही आधी उतरली, मग चिमा. राहीने बापाला बघितलं आणि सरळ त्याच्यापाशी आली.

"काही उरलं नाही. गोळ्या सहा महिन्यांनी बंद करू म्हणाले."

रावजीने मान हलवली. तिघं घराच्या वाटेला लागली. थोडं पुढे गेल्यावर राही म्हणाली, "पुढच्या वेळेला तुम्ही पण चला. पण आत मी बोलणार."

"बरं."

दहा पावलं तो चालला. मग थांबला.

"पुढच्या वेळेला म्हणजे? संपलं म्हणालीस ना?"

"पाच वर्षांनी एकदा बघायचं असतं."

"का? त्यांची खात्री नाही?"

चिमाने कपाळावर हात मारला. आणि राही हसली. फेब्रुवारीपासून त्याच्यासमोर ती हसली नव्हती. हसत हसत तिने पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि म्हणाली, "तेच मी डॉक्टरांना विचारलं."